कलम क्रमांक एकशे तेरा

दादा, तुझी फवारणीची वही सध्या माझ्या दुकानात आहे. तेराव्याची पंगत उठल्यावर वहिनीने ती माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, तूच ठेव, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी ती लांज्याला आणली, काउंटरवर कात्री आणि रबरबँडच्या डब्याशेजारी ठेवली आणि चार दिवस उघडली नाही. गिऱ्हाईक नसलं की तिच्याकडे बघत बसायचे, एवढंच. आज दुपारी दुकानात कुणी नव्हतं आणि लाइटही गेली नव्हती, तेव्हा म्हटलं, आता बघूच.

तुला तुझ्याच वहीबद्दल सांगणं म्हणजे जरा अतीच. पण आजवर तू बोलायचास आणि मी अर्धं लक्ष गिऱ्हाइकाकडे ठेवून हूं हूं करायचे, तेव्हा आता तू ऐकून घे. लांब, जाड पुठ्ठ्याची वही. फूटपट्टी धरून लाल शाईने आखलेले रकाने: तारीख, झाडाचा नंबर, कीड, औषध, प्रमाण, थांबायचे दिवस, फवारणाऱ्याचं नाव, शेरा. परदेशात जाणाऱ्या आंब्यासाठी अशी नोंद ठेवावी लागते, असं तू कुठल्याशा शिबिरात ऐकून आलास. तुझा आंबा वाशीच्या पुढे कधी गेला नाही. पण वही तू ठेवलीसच, कारण तुला लिहायला आवडायचं. कुठल्या झाडावर तुडतुडे आधी आले, कुठल्या कलमाचा मोहोर काळा पडला, औषध मारल्यावर किती दिवस फळाला हात लावायचा नाही, सगळं. कातळावरच्या आपल्या बागेत एकशे बारा हापूस, प्रत्येकाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने नंबर. लोक गुरांना नावं देतात, तू झाडांना नंबर दिलेस आणि माणसांपेक्षा जास्त माया लावलीस.

आणि मग नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर एकशे बाराच्या खाली, त्याच लाल रकान्यांत, एकशे तेरा नंबर येतो. कीड: हृदयाचे ठोके चुकणे. औषध: पांढरी गोळी. प्रमाण: सकाळी एक. शेरा: कलम जुने, पण फळ धरते.

हे पान तू मला तेव्हाच दाखवलं होतंस आणि मी इतकी हसले होते की समोरचा चहावाला बघायला आला.

त्या वैशाखात तू झेल्याने आंबे काढता काढता खाली बसलास. छातीत टोपलीखाली झाकलेली कोंबडी फडफडते तसं होतंय, असं तू सांगितलंस. रत्नागिरीच्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी काढली, ठोके कसे वेडेवाकडे पडतात ते तुला दाखवलं आणि अमिओडॅरोन सुरू केली. तू त्यांना ती पट्टी घरी न्यायला मागितलीस. कुणी मागतं का असं? त्यांनी दिली पण. गोळीने आठवड्या-दोन आठवड्यांत कोंबडी शांत झाली. तीन महिन्यांनी या, रक्त तपासू, छातीचा फोटो काढू, असं ते म्हणाले होते. पहिली दोन वर्षं तू नेमाने गेलास. पुढे ते डॉक्टर आपल्या गावी निघून गेले. त्यांची जुनी चिठ्ठी माझ्याकडे होती आणि मी तुझी औषधवाली बहीण होते. तुला बरं वाटत होतं. चाललंय ते चालू दे, असं आपण दोघांनी ठरवलं. ठरवलं असंही नाही, तसं झालं.

दर महिन्याला मी तुझ्या गोळ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. लांज्याहून रत्नागिरी, तिथे तुझा ओळखीचा पानवाला, त्याच्याकडून तू गणपतीपुळ्याच्या गाडीने गावी न्यायचास. पुडी कंडक्टरच्या खिशात मावायला हवी, म्हणून मी खोकी काढून टाकायचे. पट्ट्या एकावर एक, खाकी पाकीट, वर रबरबँड. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. पट्टी कापून द्यायची, खोकं रद्दीत. खोक्यातला तो घडीचा कागद, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तोही रद्दीत. लोकांना तो कशाला हवाय? वाचला तर घाबरतात, आणि मग गोळी घेत नाहीत.

तुला हवा होता. यावरून आपलं भांडण जुनं. एकदा तू मुद्दाम लांज्याला आलास, मोहोरातले फुलकिडे बघायचं भिंग खिशात घेऊन, आणि कागद दे म्हणून काउंटरवर बसलास. गर्दीची वेळ होती. मी म्हटलं, दादा, त्यात सगळं लिहिलेलं असतं, डोकेदुखी, उलटी, खाज, पादणंसुद्धा, कंपनी आपली सुटका करून घेते. त्यावर तू जे म्हणालास ते त्या दिवशी दुकानातल्या पाच-सहा जणांनी ऐकलं, आणि त्यांतला एक जण अजून मला त्यावरून चिडवतो.

"झाडावर मारायच्या औषधाचा कागद मी तीन वेळा वाचतंय, आणि माणसाच्या पोटात जायच्या औषधाचा कागद तू रद्दीत टाकतंस. ह्या कुठला शास्त्र गो?"

मी हसण्यावारी नेलं. तू कागद न घेताच गेलास. आपलं ते भांडण तसंच अर्धवट राहिलं.

दादा, तू किती गोष्टी बघितल्या होत्यास, हे वही चाळताना कळतंय. पाचव्या वर्षी शेरा आहे: चेहरा राखाडी, जरा निळसर. उन्हातल्या भागावरच. घड्याळाच्या पट्ट्याखाली मूळ रंग. टोपीखाली मूळ रंग. पुढे तू कंसात लिहिलंस, उन्हाकडच्या फळाला डाग पडतो तसे? वहिनी तुला चिडवायची, म्हातारपणी कृष्ण झालात म्हणून. मला तू मनगटावरचं घड्याळ काढून पांढरा पट्टा दाखवलास, तेव्हा मी म्हटलं, कातळावर दिवसभर उभा राहतोस, काळा नाही होणार तर काय गोरा होशील?

त्याच वर्षी आणखी एक शेरा. समईच्या ज्योतीभोवती निळं-हिरवं कडं दिसतं. हे तू मला आनंदाने सांगितलं होतंस, की पुळ्याला आरतीच्या वेळी एवढ्या ज्योती आणि प्रत्येकीला कडं, मला देव इतरांपेक्षा जास्त दिसतो. मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, शिबिरात दाखव. आता मला ठाऊक आहे की तो रंग आणि ते कडं, दोन्ही त्या गोळीचं काम होतं. ती गोळी शरीरात साचत जाते, कातडीत, डोळ्यांच्या बाहुलीवरच्या काचेत. तिथे ती फारसं वाईट करत नाही. पण ती साचते आहे, हे ती दिसेल अशा जागी सांगत होती. तू वाचत होतास. मला मात्र माझ्या मोठ्या भावापेक्षा आपल्याला जास्त कळतं, याची खात्री होती.

शिकताना ते होतं आम्हाला. एक ओळ, परीक्षेपुरती. क्वचित फुप्फुसावर परिणाम. मी ती पाठ केली होती, पास झाले होते. तीस वर्षांत तशी एकही केस माझ्या काउंटरवर आली नाही, म्हणजे आली असली तरी मला कळली नाही.

गेल्याच्या गेल्या पौषात तुझा खोकला सुरू झाला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. पौष-माघात आपल्याकडे कुणाला खोकला नसतो? मोहोर फुललेला, बागोबाग फवारे चाललेले, वाऱ्यावर औषधाचा वास, त्यात कातळाची तांबडी धूळ. गावात त्याला मोहोराचा खोकला म्हणतात आणि फळ वाटाण्याएवढं झालं की तो आपोआप जातो. वहिनीने अडुळसा दिला, मी बाटल्या पाठवल्या. सगळ्या गावाची जी चूक झाली असती तीच आपली झाली. पण मी गाव नव्हते ना. मी औषधाच्या दुकानात बसत होते.

फळ मोठं झालं, उतरलं, पेट्या गेल्या. खोकला राहिला. आषाढात तुझं वजन उतरलं. श्रावणात तू माझ्याकडे जेवायला आलास, आळूचं फदफदं दोनदा वाढून घेतलंस आणि हात धुताना दाराशी थांबून मला म्हणालास:

"सुमे, तीन महिने फवारणी शून्य. खोकला चालू. मग उरला काय?"

मी म्हटलं, ओलावा. भिंतींना बुरशी आलेय, ती छातीत जाते. तू मान हलवलीस, जशी तू एखाद्या कृषी अधिकाऱ्याचं बोलणं ऐकून हलवायचास. मग अगदी सहज विचारलंस, ही गोळी थोडे दिवस थांबवली तर? मी तुझ्यावर इतकी भडकले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. हृदय बंद पडेल, काहीतरी बोलू नकोस, डॉक्टर तू की मी? आता बघ, त्या वाक्यात डॉक्टर दोघांपैकी कुणीच नव्हतं. गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, हे मी बरोबर बोलले होते आणि आजही तेच बोलेन. पण मग डॉक्टरकडे जाऊन विचारू, एवढं पुढचं वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. ते वाक्य बोलायचं तू माझ्यावर सोडलं होतंस.

आणि दिवाळीनंतर मी ते केलं, जे मला आता सर्वांत जास्त टोचतं. मी हट्ट धरला की बाग या वर्षी कराराने दे. फवारणीच्या जवळ जायचं नाही, मोहोरात पाऊल टाकायचं नाही. मी वहिनीला माझ्या बाजूला केलं, मुंबईला तुझ्या मुलाला फोन केला, त्यालाही केलं. तू एकटा पडलास. पंचेचाळीस वर्षांत तू एक हंगाम बागेबाहेर राहिला नव्हतास. मला वाटलं होतं तू खूप भांडशील. तू फक्त म्हणालास:

"करून बघू. तुझा खरा निघाला तर बराच हाय. माझीही तीच इच्छा हाय."

तेव्हा मला वाटलं मी जिंकले. आज ते वाक्य मी पुन्हा पुन्हा फिरवून बघते. तुला उत्तर ठाऊक होतं, किंवा निदान अंदाज होता. तरी तू माझं म्हणणं तपासायला एक हंगाम दिलास. तुझ्याकडचे शेवटचे हंगाम किती उरलेत, हे कुणाला माहीत होतं? तू तो हंगाम पडवीत खुर्चीवर बसून काढलास, समोर ठेकेदाराची माणसं तुझ्या कलमांवर वाऱ्याच्या उलट दिशेने औषध मारत होती, आणि तू वहिनीला सांगत होतास की अठ्ठेचाळीस नंबरला औषध पोचतच नाहीये, जरा सांग त्यांना. वहिनी सांगायला जायची नाही, माझ्या भीतीने.

याच पौषात, दुकानात, तुझी महिन्याची पुडी बांधताना खोक्यातला कागद खाली पडला. मी उचलला. चष्मा डोळ्यावर होता, म्हणून वाचला. हे मी तुला सांगितलेलं नाही, वहिनीला नाही, कुणालाच नाही. खोकला, धाप, वजन घटणे, फुप्फुसाची तक्रार, लगेच डॉक्टरांना भेटा, अशी ती ओळ होती. मी ती दोनदा वाचली. आणि मग मी स्वतःलाच तेच सांगितलं जे गिऱ्हाइकांना सांगते, की कागदावर सगळंच लिहिलेलं असतं. मी तो कागद घडी करून माझ्या स्टुलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला. पुडीला रबरबँड लावला आणि कंडक्टरला दिली. त्या स्टुलावर मी दोन महिने बसले. दादा, ते खरं न मानण्यासाठी मला काही फार करावं लागलं नाही. नुसतं काम चालू ठेवावं लागलं.

फाल्गुनात तुला चार पायऱ्या चढवेनात, तेव्हा कोल्हापूरला गेलो. फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आपल्या मुलांच्या वयाच्या. तू बॅगेतून फवारणीची वही काढलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता ह्या बाईंना आंब्याची कीड सांगणार. तू पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलंस आणि म्हणालास, एकशे तेरा नंबर बघा. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. खोकल्याच्या तारखा एकीकडे, बागेतल्या फवारणीच्या तारखा एकीकडे, आणि दोन्ही जुळत नाहीत. निळसर चेहरा, ज्योतीचं कडं, वजन. त्यांनी तुझं मनगट हातात घेऊन घड्याळाखालचा पट्टा बघितला. मग विचारलं, ही पांढरी गोळी म्हणजे कुठली, आणि किती वर्षं?

फोटो, मशीन, फुंकण्याची तपासणी, सगळं नंतर झालं. त्यांचा अंदाज मात्र त्या वहीवरच बसला होता. पुढे त्यांनी आपल्याला समजावलं की हे क्वचित होतं. ही गोळी कित्येकांना वाचवते, तुम्हालाही हिने नऊ वर्षं वाचवलं असेल, पण थोड्या लोकांची फुप्फुसं ती आतून कडक करत नेते. कुणाची करेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून लक्ष ठेवायचं असतं. तू मन लावून ऐकत होतास. दम लागलेला असतानाही तुझ्या चेहऱ्यावर तेच होतं जे नवी कीड भिंगाखाली दिसल्यावर असायचं. तू त्यांना सांगितलंस की एकाच पंपातलं औषध, एकच माप, एकशे अकरा झाडं टवटवीत राहतात आणि एकाची पानं करपतात, हे मी बघितलेलं आहे. का, ते मला कधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. तुला हे उत्तर आवडलं. परतीच्या गाडीत तू वहिनीला म्हणालास, बाई खऱ्या आहेत.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. जाईल तिथे तू माझी ओळख करून द्यायचास. ही माझी बहीण, औषधांचं शिकलेली, लांज्याला दुकान. लग्नात, एसटीत, अगदी पुळ्याच्या देवळाच्या रांगेतसुद्धा. वडील गेल्यावर तूच मला शिकायला पाठवलंस, घरात एक तरी माणूस औषध कळणारं हवं म्हणून, आणि तो अभिमान तू तीस वर्षं पुरवून पुरवून वापरलास. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकी वर्षं तपासणीशिवाय गोळी दिली कुणी? मी शेजारी बसले होते. तू त्यांच्याकडे बघत म्हणालास, "मेडिकलातून आणत होतो." आणि माझ्याकडे हात करून, "ही माझी बहीण." बस. तेवढंच.

मला सुटल्यासारखं वाटलं, दादा. त्या क्षणी लाज नाही वाटली, सुटल्यासारखं वाटलं. लाज घाट उतरताना वाटली.

गोळी बंद झाली. दुसरी औषधं सुरू झाली, घरी प्राणवायूचं मशीन आलं, त्याची घरघर पडवीपर्यंत ऐकू यायची. गोळी थांबल्यावर छातीतली कोंबडी मधूनमधून पुन्हा फडफडायला लागली. फुप्फुसांना नको ती गोळी हृदयाला हवी होती. तुझी उत्सुकता मात्र शाबूत होती. नाकाला नळी लावून तू वहीत लिहीत होतास. गोळी बंद, तारीख. आणि मला फोन केलास, की सुमे, थांबायचे दिवस किती लिहू? फळातलं औषध उतरायला किती दिवस, हे डब्यावर असतं. माणसातलं उतरायला किती?

मी म्हटलं, बघून सांगते. मी त्याच दुपारी बघितलं, दादा. दोन पुस्तकांत बघितलं, डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. उत्तर मला त्याच दिवशी मिळालं होतं. पाच-सहा दिवसांनी तू परत विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, अजून नक्की सापडत नाहीये. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तुझा आवाज तुटत होता आणि मी म्हटलं, उद्या सांगते. त्यानंतर चौथ्या दिवशी तू गेलास. गोळी थांबून बेचाळीस दिवस झाले होते. हृदय आधी थांबलं की फुप्फुसं, हे कुणाला सांगता आलं नाही. तू असतास तर तू विचारलं असतंस.

मला भीती होती की आकडा ऐकून तू मनात वजाबाकी करशील. तुझी वजाबाकी चांगली होती.

आता इथे एक बदल झालाय, तो सांगते. मी पट्टीबरोबर कागद देते. खोकं फेकलं तरी कागद पट्टीला गुंडाळून रबरबँड लावते. लोक वैतागतात. काल एका काकांनी विचारलं, हा कागद कशाला, भजी गुंडाळायला? मी म्हटलं, वाचा, नाही कळलं तर मला विचारा, मला नाही कळलं तर आपण दोघं मिळून डॉक्टरला विचारू. ही गोळी घेणारा आणखी एक जण माझ्याकडे आहे, वेरवलीकडचा. तुझी बातमी ऐकून तो घाबरून आला, गोळी बंद करू का म्हणून. त्याला म्हटलं, आपल्या मनाने अजिबात नाही, ती तुम्हाला जगवतेय. पण या आठवड्यात छातीचा फोटो आणि रक्त, नाहीतर पुढची पट्टी माझ्याकडून मिळणार नाही. तो तणतणत गेला. फोटो काढून आला. स्वच्छ होता. मला तुला फोन करावासा वाटला.

तर आज दुपारी मी वही उघडली. सुरुवातीपासून वाचली. तू एकही रकाना कधी रिकामा ठेवला नाहीस. फवारणाऱ्याचं नाव म्हणून कुठे गड्याचं, कुठे मुलाचं, बहुतेक ठिकाणी 'स्वतः'. मग एकशे तेराची पानं आली. महिन्याला एक ओळ, पुडी पोचली की. त्या ओळींमध्ये नावाचा रकाना कोरा दिसला. मला वाटलं, इथे काय लिहावं हे तुला सुचलं नसेल. मग पान उलटताना खिडकीचा उजेड त्यातून आला, आणि नेमक्या त्या जागी कागद पातळ दिसला. मी तुझं भिंग घेतलं, ते वहीच्या कप्प्यातच होतं. कागद खरवडलेला आहे. अगदी हळुवार, कलम बांधायच्या तुझ्या सुरीने, साल काढतोस तसा, कुठेही भोक न पाडता. वाकडं धरलं की खालची अक्षरं अजून लागतात. सु. म. न.

नऊ वर्षांच्या ओळी, शंभराच्या वर. एकही सुटलेली नाही. कोल्हापूरला वही न्यायच्या आधी तू पडवीत बसून, धाप लागलेली असताना, एकेक नाव काढत बसला असणार. म्हणजे काय झालंय ते तुला तिथे जायच्या आधीच कळलं होतं. आणि डॉक्टरांनी वही वाचली तर त्यात काय सापडावं आणि काय सापडू नये, हेही तू ठरवलं होतंस.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले आणि रडले. मग तुझ्यावर रागावले. वहीत खाडाखोड करू नये, हा तुझाच नियम ना? मला एवढं झाकण्यापेक्षा एकदा ओरडला असतास तर. मीही ओरडले असते, आपण भांडलो असतो, आणि मी तुला त्या स्टुलाखालच्या कागदाचं सांगून टाकलं असतं. तो कागद मी आज काढला. स्टूल हलतंय, हलू दे. कागद तुझ्या वहीत ठेवलाय, एकशे तेराच्या पानावर.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. थांबायचे दिवस: दिवसांत नाही, महिन्यांत मोजायचे. थांबवल्यावर अर्धी गोळी उतरायलाच बहुतेकांना महिना-दोन महिने लागतात, कुणाला त्याहून जास्त. मग उरलेल्याची अर्धी, मग तिची अर्धी. नक्की आकडा कुणालाच सांगता येत नाही, माणसागणिक वेगळा. त्या रकान्यात तू प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतंस, त्यावर मी काट मारली नाही, त्याच्यापुढे हे लिहिलं. उशीर झाला, पण उत्तर बघून लिहिलंय, अंदाजाने नाही.

मग एकशे तेराच्या पहिल्या पानावर परत गेले आणि फवारणाऱ्याच्या नावाचा रकाना भरायला घेतला, एकेक ओळ, वरून खाली. तुझ्या सुरीने कागद फार पातळ झालाय, शाई फुटते, तरी वाचता येतं. सुमन. सुमन. सुमन.